स्केटच्या कपाटाचं दार

"मला फक्त एक पाकळी दाखवा," लायोनेल क्रॅडॉक म्हणायचा, "रंगवणाऱ्याचं नाव सांगतो, गाव सांगतो, आणि त्या दिवशी तो जेवून बसला होता की उपाशी, तेही सांगतो!"

जेवणाचं सोडून द्या, पण नाव आणि गाव तो खरोखरच सांगायचा. दातांचा डॉक्टर म्हणून उभी हयात लोकांच्या जबड्यात डोकावण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर तोच इवलासा आरसा आणि तीच बॅटरी घेऊन तो कालव्यावरच्या, घोड्यांनी ओढायच्या जुन्या बोटींच्या रंगीत सामानात डोकावू लागला. पाण्याच्या झाऱ्या, दांड्याची भांडी, बसायची स्टुलं, घोड्याला दाणा द्यायचे डबे! सगळ्यांवर काळ्या-हिरव्या रंगावर फुललेले गुलाब आणि तळ्याकाठचे किल्ले. घरात सामान इतकं साचलं होतं, की न्हाणीघरात शिरायचं तर त्याच्या बायकोला, ग्वेंडाला, आधी झाऱ्यांची मिरवणूक बाहेर काढावी लागे.

पण या सगळ्या पसाऱ्यात ओबेडाया स्केटची एकही वस्तू नव्हती!

ओबेडाया स्केट म्हणजे कालव्यावरचा बादशहा. बोटीवर कोळसा वाहता वाहता त्यानं जे गुलाब रंगवले, त्यांच्यापुढे बाकीच्यांचे गुलाब कोबीचे गड्डे वाटायचे. त्याचं बरंचसं काम कुजलं, बुडालं, नाहीतर थंडीत शेगडीत गेलं. आणि आता बातमी आली होती, की त्याची थोरली लेक केझाया बोट सोडून मुलीच्या पक्क्या घरात राहायला निघालीय, आणि तिच्या केबिनमध्ये बापाच्या वेळचं कपाटाचं दार अजून शाबूत आहे.

लायोनेल दुपारी ब्रॉन्स्टनच्या कालव्यावर हजर! ग्वेंडा चहाच्या दुकानात शिरली. "मी केक खाते," ती म्हणाली. "तू बघून ये. नुसतं बघून. कळलं?"

केझायाची उंची झारीपेक्षा थोडीच जास्त, पण आवाज बोटीच्या भोंग्याएवढा. डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी, पायांत रबरी बूट.

"पाय पुसा, डॉक्टर. डोकं वाकवा. आणखी वाकवा."

टाण्ण!

"सांगितलं होतं," केझाया म्हणाली.

कपाळ चोळत लायोनेल आत उतरला आणि चोळायचा हात कपाळावरच राहिला. केबिन कसली, एखादी मोठी पेटीच! पण त्या पेटीत एक बोटभर जागा रिकामी नव्हती. नक्षीच्या काठाच्या बशा भिंतीवर टांगलेल्या, पितळी मुठी लखलखताहेत, शेगडी काळ्या आरशासारखी चमकतेय. पलंगाच्या पट्टीवर गुलाब, फळीवर गुलाब, खणांवर गुलाब. आणि मधोमध ते दार! खाली पाडलं की जेवणाचं टेबल, वर उचललं की किल्ला, पूल, तळं, आणि भोवती असे गुलाब, की वास येईल म्हणून लायोनेलनं श्वास ओढून घेतला. चर्चमध्येही त्याची टोपी इतक्या लगबगीनं कधी उतरली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"रडताय होय?" केझायानं विचारलं.

"धूर... शेगडीचा."

केझायानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "बाबांनी आमच्या लहानपणी रंगवलंय ते. माझ्या पोरीकडे सगळी कपाटं पांढरी आहेत, दवाखान्यासारखी. तिला हे नको. धाकट्या बहिणीच्या बोटीत सुई ठेवायला जागा नाही. तुम्ही निदान तोंड उघडं टाकून बघताय तरी. घेऊन जा."

"क... काय?"

"दार हो! पेचकस त्या खणात आहे. करा सुरुवात, माझं मन बदलायच्या आत."

आता तुम्हीच सांगा, शहाण्या माणसानं काय केलं असतं? स्क्रू काढले असते, दार काखेत मारलं असतं आणि धूम ठोकली असती. लायोनेलनंही एका बिजागरीचे स्क्रू काढले. पण तेवढ्यात ढग सरले, तिरपं ऊन आत आलं, आणि त्याचा हात खिशातल्या आरशाकडे गेला. सवय! त्यानं पाकळी पाहिली. मग शेगडीजवळच्या, ओबेडायाची सही असलेल्या जुन्या स्टुलावरची पाकळी पाहिली. मग पुन्हा दारावरची.

"अहो!" तो ओरडला. "हे दार तुमच्या वडिलांनी रंगवलेलं नाहीच!"

"काय म्हणालात?"

"स्टूल त्यांचं. पण दाराचा हात वेगळा आहे! ब्रशचा प्रत्येक फटकारा उलटा वळलाय, बघा ना. डावखुरा हात! आणि काय नाजूक! माझ्या मते बाईचा!"

"बाईचा?"

"शंभर टक्के! आणि आली नि गेली असं नव्हे हं! ही पट्टी तिची, ती फळी तिची, हे खणसुद्धा! वर्षानुवर्षं ही बाई या केबिनमध्ये येऊन बसलेली आहे!"

लायोनेल आनंदानं नाचायच्या बेतात होता. केझायाचा चेहरा मात्र शेगडीसारखा तापत चालला होता.

"माझ्या बापाच्या केबिनमध्ये," ती एकेक शब्द चावून म्हणाली, "माझ्या आईच्या पलंगाशी, परकी बाई?"

"नाही, म्हणजे, तसं नव्हे..."

पण केझाया पायरीवर चढली होती. तिनं भोंगा असा वाजवला, की कालव्यावरची बदकं उडाली. "जेरू! ए जेरू! इकडे ये! हा माणूस बाबांवर आळ घेतोय!"

मागच्या बोटीतून धाकटी बहीण जेरुशा आली. पिठानं माखलेले हात, आणि थोरलीच्या दुप्पट रुंदी. तिच्यामागून तिचा नवरा एनॉक, कानांनी पार गेलेला. दोघंही आत घुसली. पेटीत चार माणसं! लायोनेल सरकत सरकत शेगडीला जाऊन टेकला.

"काय झालं काय?" एनॉकनं विचारलं.

"हा म्हणतो," जेरुशा त्याच्या कानात ओरडली, "बाबांच्या बोटीवर एक डावखुरी बाई होती!"

"दहावी बाई?"

"डावखुरी हो, डावखुरी!"

"तेच म्हणतोय मी, दहावी! मग आधीच्या नऊ कुठे गेल्या?" आणि कुणी अडवायच्या आत एनॉकनं डोकं बाहेर काढून शेजारच्या बोटीला आरोळी ठोकली, "ऐकलंत का? म्हाताऱ्या स्केटला दहा बाया होत्या! डॉक्टरनं शोधून काढल्या!"

शेजारच्या बोटीनं ते पुलावर कळवलं, पुलानं काठावर, काठानं चहाच्या दुकानात. ग्वेंडाच्या टेबलापर्यंत पोचेपर्यंत बातमी अशी झाली होती, की केझायाच्या केबिनमध्ये एक दातांचा डॉक्टर दहा बायांबरोबर सापडला! ग्वेंडानं केक अर्धवट टाकला. असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

इकडे केबिनमध्ये दोघी बहिणी एकाच वेळी बोलत होत्या. "आमचा बाप देवमाणूस होता!" "कालवाभर विचार जाऊन कुणालाही!" मग जेरुशानं मध्येच नाक फेंदारून हुंगलं. "काहीतरी जळतंय."

लायोनेलचा कोट जळत होता! जेरुशानं मागचापुढचा विचार न करता झारी उचलली आणि सगळं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. डॉक्टर डोक्यापासून बुटांपर्यंत निथळत उभा. पण त्या थंडगार पाण्यानं एक झालं, सगळी गप्प झाली.

"अहो बायांनो," लायोनेल दात कुडकुडवत म्हणाला, "मी परक्या बाईचं नावसुद्धा काढलेलं नाही! एवढंच सांगा, या बोटीवर डावखुरं कोण होतं?"

शेगडीवर पाण्याचे थेंब चुरचुरत होते.

"आई बटाटे डाव्या हातानं सोलायची," जेरुशा म्हणाली.

"आई नुसते रंग कालवून द्यायची," केझायानं तिला झटकलं. "रंगवायचे बाबा. वासानं आपलं डोकं दुखेल म्हणून आपल्याला बाहेर काढायचे आणि दारं बंद व्हायची. आठवत नाही का तुला?"

"आठवतं ना. आपण घोड्याजवळ खेळायचो."

"आणि बाबा..." केझाया म्हणाली. "बाबा तिथेच तर असायचे. काठावर पाइप ओढत, आपल्याला सीगल पक्ष्यांच्या गोष्टी सांगत..."

तिनं टोपी मागे सारली.

"मग आत कोण रंगवायचं, केझी?"

केझाया मटकन पलंगावर बसली. "अंगठा," ती पुटपुटली. "कालव्याचं पाणी अडवणाऱ्या लॉकच्या दारांत बाबांचा उजवा अंगठा चिरडला होता. त्यानंतर त्यांना शर्टाचं बटणसुद्धा लावता यायचं नाही. आईच लावायची. आणि सगळे म्हणायचे, की स्केटचे गुलाब तेव्हापासूनच जास्त खुलले!"

सगळे! लायोनेलनं मान खाली घातली. हे वाक्य तो स्वतः भाषणांत टाळ्या घेत म्हणायचा.

केझायानं डावा हात पुढे केला. आयुष्यात त्या हातानं तिनं कधी काही रंगवलं नसेल. पण पाकळीच्या कडेवरून बोट फिरवलं, तर ते आपोआप वळलं, पाण्यानं उतार धरावा तसं. एक पाकळी, मग दुसरी, मग किल्ल्याखालचा पूल. इतकी वर्षं ती या दारावर जेवली होती, पोरांना तिनं यावर वाढलं होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला तिथे आई दिसत होती. लेव्हिनिया स्केट. जिचं नाव कुठल्या झारीवर नाही, कुठल्या बोटीवर नाही. गाजावाजा नवऱ्याचा, आणि दारं लावून घेऊन ही बाई आत अख्खी बाग फुलवत बसलेली!

जेरुशा पीठभरल्या हातांनी डोळे पुसत होती. एनॉकला काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यानंही टोपी काढली होती.

तेवढ्यात पायरीवर पावलं धाडधाड वाजली. "लायोनेल! कुठे आहेत त्या सगळ्या..." ग्वेंडाचं डोकं आत आलं. भिजलेला नवरा दिसला, रडणाऱ्या बहिणी दिसल्या. मग उन्हात ते दार दिसलं.

"अगंबाई!" एवढंच ती म्हणाली आणि पायरीवरच बसून राहिली.

जेरुशानं नाक शिंकरलं. "दार माझ्याकडे राहील."

"तुझ्याकडे?" केझाया ताडकन उठली. "थोरली मी आहे!"

"तू तर पांढऱ्या कपाटांत चाललीस!"

"कोण चाललंय? माझी आई इथे आहे आणि मी विटांच्या घरात जाऊ? पोरीला सांगते, यायचं असेल तर तूच बोटीवर ये!" मग ती लायोनेलकडे वळली. "आणि तुम्ही काय बघत उभे राहिलात? ते स्क्रू लावा परत!"

लायोनेल गुडघ्यांवर बसला. पाणी अजून ठिबकत होतं, कोटाला मागून ताटलीएवढं भोक पडलं होतं. ग्वेंडा त्याच्या कानाशी वाकली.

"तुला दिलं होतं त्यांनी हे?"

"हो."

"फुकट?"

"हो."

"आणि तू तोंड उघडलंस!"

"गप्पा नंतर मारा," केझाया म्हणाली. "घट्ट बसवा, डॉक्टर. पुन्हा कुणाच्या बापाच्यानंही सुटता कामा नये!"

आणि लायोनेल क्रॅडॉकनं दात-ओठ खाऊन, होती नव्हती ती सगळी ताकद लावून, ते दार स्वतःच्या हातांनी घट्ट बसवून दिलं.