मशीन एक, सिस्टिम दोन

"पावणं, यादी गेली."

शनिवारी सकाळी सासऱ्यांचा फोन आला तो एवढ्या तीन शब्दांत, आणि अमरसिंहच्या तोंडातला पोह्यांचा घास तोंडातच राहिला.

"गेली म्हणजे? कुठं गेली, मामा?"

"ते तुमालाच ठावं. परवा तुमीच कायतरी केलायसा न्हवं."

सासरे म्हणजे उचगावचे सयाजीराव. गेली अकरा वर्षं ते वधू-वर मेळावा भरवत. यंदाच्या तीनशे चाळीस पोरापोरींची यादी त्यांनी एका बोटानं टाइप केली होती. नाव, शिक्षण, उंची, शेती आणि अपेक्षा. दुपारी चारपर्यंत ती छापखान्यात गेली नाही तर उद्याच्या मेळाव्याला पुस्तिका नाही, आणि पुस्तिका नाही तर अकरा वर्षांची अब्रू एका दिवसात मातीत.

परवा अमरसिंहनं केलं होतं ते असं. सासऱ्यांचा कॉम्प्युटर जुना आणि आळशी. त्यावर जुनं विंडोज तसंच ठेवून शेजारी त्यानं लिनक्स ही नवी सिस्टिम टाकली. यादी मात्र विंडोजमध्येच. सुरू करताना पडद्यावर दोन ओळी येणार, हवी ती निवडायची. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही तर लिनक्स आपोआप सुरू. पहिला मान नव्याला, ही हौस अमरसिंहची स्वतःची.

"मामा, सुरू करताना दोन ओळी आल्या का?"

"न्हाई. एक बी न्हाई."

अमरसिंहनं पोह्यांची बशी बाजूला सारली. ओळीच नाहीत म्हणजे विंडोज गेलं, यादी गेली, सगळं गेलं.

"नसत्या उठाठेवी करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" बायको म्हणाली. स्नेहल सयाजीरावांचीच लेक, त्यामुळं तिचं बोलणंही एक घाव दोन तुकडे असंच.

राजारामपुरीतल्या घरून त्यानं गाडी काढली ती थेट उचगावात. बटण दाबलं. दोन ओळी आल्या. विंडोज निवडलं. यादी जिथल्या तिथं होती.

"हाय की मामा."

सयाजीराव चष्मा वर-खाली करून बघत राहिले. "आत्ता कशी आली?" जावयाला याहून वाकडं बोलता येत नाही. सासूबाई आक्कांनी गरम थालीपीठ आणि वर लोण्याचा गोळा पुढं केला. लग्न जमलेल्या चौघांची नावं यादीतून काढायची होती. ती कोणती हे फक्त सयाजीरावांनाच माहीत, म्हणून ते काम त्यांच्यावर सोपवून अमरसिंह निघाला.

परतीच्या वाटेवर तावडे हॉटेलच्या चौकात पोचतोय तोवर फोन वाजला.

"पावणं, परत गेली."

तो माघारी फिरला. बटण, दोन ओळी, विंडोज, यादी. सगळं जागेवर.

"तुमी आलासा की येत्या, गेलासा की जात्या," सयाजीराव म्हणाले. "तिला तुमची वळख हाय जणू." यावेळी नुसता चहा आला, तोही अर्धा कप. अमरसिंहनं वायरी हलवून बघितल्या, कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून ऐकलं, काही सापडलं नाही. पडक्या चेहऱ्यानं तो घरी आला, जेवायला बसला, आणि भाकरी मोडतोय तोवर पुन्हा फोन.

"दोन वाजलं, पावणं." यावेळी सासरे एवढंच म्हणाले.

तिसऱ्या खेपेला दाराशी पाण्याचा तांब्या होता. हवं तर घ्यावं, असा. अमरसिंह खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "मामा, मी हात लावत नाही. तुम्ही रोज करता तसं सुरू करा. मी नुसता बघतो."

सयाजीरावांनी पाय धुतले, टोपी घातली, डब्याचं बटण दाबलं. पडद्यावर आक्कांनी भरलेला रुमाल होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी उदबत्ती काढली. पहिली काडी पंख्यानं विझली. पंखा बंद केला. दुसरी काडी पेटली. उदबत्ती डब्यावरून तीनदा ओवाळली, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. रुमालाच्या कडेखालून अमरसिंहला दोन ओळी दिसल्या आणि शेजारी उतरत जाणारा आकडा: चार, तीन, दोन. सयाजीरावांनी डोळे उघडले, रुमाल काढला, चार घड्या घातल्या. समोर लिनक्स हजर.

"बघा. गेली का न्हाई?"

"मामा, बटण आधी आणि उदबत्ती नंतर, असं रोज करता?"

"मग? उठाय लई वेळ लावत्या, तेवढ्यात उदबत्ती हुत्या. ट्रॅक्टरला लावतो, मोटारीला लावतो, हिला का न्हाई? हितं लोकांच्या पोरींची लग्नं हायत."

"आणि मी सकाळी सुरू करून दिली होती ती?"

"ती बंद केली की. उदबत्तीबिगर उठवलेल्या मशीनवर लग्नाची यादी लिवायची व्हय?"

उदबत्तीत दहा सेकंद जाऊन घोटाळा झाला म्हणावं तर सासरे उखडणार. माझ्या हौसेनं झाला म्हणावं तर उरलीसुरली इज्जत जाणार. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. अमरसिंह गुपचूप पुढं सरकला, काहीतरी खटखट केलं आणि जुन्याला पहिला मान देऊन मोकळा झाला. आता दहा सेकंद गेले तरी विंडोजच उघडणार होतं.

"परत करा मामा. सगळं पहिल्यापास्नं."

सयाजीरावांनी काडी ओढली तोच आक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, मशीनीत आता दोघं हायत म्हंतासा, आन् उदबत्ती एकच? दुसरा रुसंल न्हाई तर काय करंल?"

सयाजीराव थबकले. त्यांनी दुसरी उदबत्ती काढली. दोन्ही ओवाळल्या, हात जोडले, रुमाल काढला.

विंडोज. यादी.

सयाजीरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. त्यांनी चार नावं काढली आणि पावणेचारला यादी छापखान्यात गेली. आक्कांनी साजूक तुपातला शिरा केला. अमरसिंह खरं काय ते सांगणार होता. पण शिरा समोर आला, सयाजीरावांनी तो आधी वाढला दुसरी उदबत्ती सुचवणाऱ्या आक्कांना, मग अमरसिंहला, आणि अमरसिंहनं चमचा उचलला.

मेळावा झोकात झाला. दोन दिवसांनी अमरसिंहला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"पावणं, मी अंबादास, छापखान्यातनं बोलतोय. आमच्या मशीनवरबी तुमच्यासारख्याच दोन सिस्टिम हायत. आजवर कदी अडली न्हाई. पण सयाजीराव म्हणले, दोन उदबत्त्या लावत जा, लई गुण हाय. कालपास्नं लावतोय, आन् कालपास्नंच भलतीच सिस्टिम उघडाय लागल्या. म्हटलं, जाणकाराला इचारावं. वास कुठला लागतोय?"

शेजारी स्नेहल तोंडावर हात दाबून बसली होती. अमरसिंहनं डोळे मिटले.

"मोगरा लावून बघा," तो म्हणाला. "आणि बटण उदबत्ती ओवाळून झाल्यावर दाबा."