मेंदूच्या दाराशी सामंत डॉक्टर

सामंत डॉक्टरांनी पाच वर्षांत माझ्या दुकानातलं एकूण एक दार उघडून बघितलं आणि एक कडीसुद्धा विकत घेतली नाही.

बोळिंजला माझं दारं-खिडक्यांचं दुकान. वटारहून सायकलवर येऊन, दुसऱ्याच्या हाताखाली लोखंड कापता कापता मी ते उभं केलं. नुसतं बघायला येणाऱ्याला दोन मिनिटांत वाटेला कसं लावायचं, ते मला चांगलं कळतं. सामंतांपुढे मात्र ती विद्या चालत नसे. माणूस भूलतज्ज्ञ. विरारमधल्या चार-पाच नर्सिंग होममध्ये स्कूटरवरून भूल देत हिंडायचे, आणि मधे वेळ मिळाला की माझ्याकडे. डासांची जाळी उजेडाकडे धरून विचारायचे, "हिच्यातून काय जाईल?"

"वारा जाईल. डास नाही. घेताय?"

"मेंदूची वीण याहून बारीक असते."

की झालं व्याख्यान सुरू. रक्तातलं सगळंच मेंदूत जात नाही. तिथल्या शिरांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या, की निवडक गोष्टींनाच आत सोडतात. मेंदूला आजार झाला तर चांगली चांगली औषधं बाहेरच ताटकळतात. भुलीचं औषध मात्र सरळ आत शिरतं आणि कधी कधी ती वीणही सैल करतं. "उंदरांत दिसलंय. माणसांचं अजून नक्की नाही," हे ते न चुकता सांगत. "सैल झाली तर हवं ते औषध आत पोचवता येईल. पण नको तेही घुसेल. आत काय सोडायचं, सगळा प्रश्न तोच आहे, शेठ!"

"माझा प्रश्न वेगळा आहे. तुम्ही दारात उभे असताना गिऱ्हाईक आत कसं सोडायचं?"

ते मनापासून हसत आणि पुढचं दार उघडून बघत.

मग आई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीच्या पुढचं वय. सर्जनच्या मागे लागून, हुज्जत घालून मी ऑपरेशनसाठी मंगळवार मिळवला. मंगळवारी सकाळी भूल द्यायला सामंतच आले, आईच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "ताप आहे. आज नाही."

"अहो, ही तारीख मी किती घासाघीस करून आणलीय!"

"तापात ती वीण आधीच सैल असू शकते. त्यात हे वय. वरून भूल दिली तर शुद्धीवर येतील, पण तुम्हाला ओळखतील याची खात्री नाही."

"मग अर्धी भूल द्या."

"अर्धी?"

"पाऊण द्या. शेवटचं बोला."

"ही भूल आहे शेठ, खिडकी नाही!" ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की बाकावरचे पेशंट उठून बसले. चारचौघांत झालेला तो अपमान मी विसरलो नाही. अजूनही विसरलेलो नाही.

पण आतून मी टरकलो होतो. वडील लवकर गेले. वाडीतली केळी डोक्यावर वाहून आईने मला वाढवलं. दुकान झाल्यावर सगळे मला शेठ म्हणू लागले. बाल्या म्हणणारी ती एकटीच उरली होती.

दोन दिवसांनी ताप उतरला. नुसती कमरेखालची भूल द्यावी म्हटलं, तर पाठ वाकलेली, कमरेत सुई जाईना. पूर्ण भूल द्यावी लागली. संध्याकाळी आईने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू कोन?"

सामंतांनी तिला चष्मा लावला, पडदा सरकवला, स्टूल ओढून बसले आणि वार, गाव, वेळ सांगत राहिले. कंटाळा नाही, घाई नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आई मला म्हणाली, "बाल्या, दाढी कर. भिकाऱ्यासारखा दिसतोस."

तिला घरी आणलं. तरी सामंत रोज हजर. "आजी, वार कुठला? पंतप्रधान कोण? मी कोण?" आई पटापट उत्तरं द्यायची, वर पंतप्रधानांना दोन शिव्याही द्यायची. आठव्या दिवशी मात्र "मी कोण?" वर थांबली आणि म्हणाली, "तू माझा मोठा पोरगा."

मी तिचा एकुलता एक. माझं डोकंच फिरलं. "बघा! सैल झाली तुमची वीण!" मी ओरडलो. सामंतांनी ना नाडी बघितली, ना डोळ्यांत बॅटरी मारली. आईचा हात हातात घेऊन ते नुसते बसून राहिले. मग निघून गेले.

"येड्या, वरडतोस काय?" आई म्हणाली. "डॉक्टर हाय तो, माहीत हाय मला. सोताच्या आयला भूल त्यानंच दिली होती. मग तिनं त्याला कधी वळखलाच नाय. तीन वर्सं जगली. नर्सबाई बोलली मला."

दुसऱ्या दिवशी ते आले ते उंबऱ्यातच घुटमळले. आईने आतूनच विचारलं, "उशीर केलास. जेवलास काय?"

"नाही, आई," ते म्हणाले.

त्यांच्या शर्टावर डाळीचा ताजा डाग होता. समोरच्याचं खोटं मी एरवी दुकानाच्या पायरीवरच पकडतो. मी बायकोला हाक मारून त्यांचं पान वाढायला सांगितलं.