टोमॅटोवालींच्या राणीने पकडलेला हेर

कुमासी शहरात सिनेमे काढणारे पुष्कळ, पण बोआदीसारखा बोआदीच! तो ठणकावून सांगायचा, "आपल्या हेरपटात खोटं काही चालायचं नाही! हवेत उडणाऱ्या मोटारी नाहीत, रंगाच्या पाण्याचं रक्त नाही. आपला हेर गोळी झाडण्याआधी विचार करतो. देशासाठी का होईना, निरपराध माणसाला मारावं का?"

हा विचार त्याला भरबाजारात टिपायचा होता, तोही बाजाराला पत्ता लागू न देता. माणसांना कळलं, की ती कॅमेऱ्याकडे बघून हसतात! म्हणून चालू कॅमेरा त्याने कच्च्या केळ्यांच्या टोपलीत दडवला. "जरा लक्ष ठेवा हं," म्हणत टोपली एका मसालेवालीच्या फळीवर ठेवली आणि स्वतः कांद्याच्या पोत्यांमागे उकिडवा बसला.

हेर ज्याला मारायला येतो, त्या म्हाताऱ्या शास्त्रज्ञाच्या कामाला डान्क्वा नाना होते. नाटकांत केस पिकवलेला माणूस.

"नाना, आभाळ कोसळलं तरी भूमिका सोडायची नाही!"

"मला शिकवतोस, पोरा?"

ठरल्याप्रमाणे नायक ओसाफो गर्दीतून आला, खोटं पिस्तूल नानांच्या कानशिलाला लावलं आणि विचार करू लागला. इतका मनापासून, की त्याला घाम फुटला. पोत्यांमागे बोआदीच्या डोळ्यांत पाणी आलं.

नेमकी शेजारीच टोमॅटोवालींची राणी सेरवा बसली होती. बाजारात भाव तिचा, निवाडाही तिचाच.

"ए! काय चाललंय रे?"

ओसाफोला वाटलं, बोआदीने गुपचूप काय झकास नटी आणलीय! त्याला चेव आला.

"मावशी, देशासाठी कधी कधी पाप करावं लागतं!"

"देशाने तुझ्या कानात येऊन सांगितलं?"

"वरून हुकूम आहे, मावशी!"

"वरून? म्हणजे देवाने? म्हाताऱ्याला मार म्हणून?"

बायका भोवती जमल्या. एकीने विचारलं, "तुझ्या आईला ठाऊक आहेत का हे धंदे?"

हे काही संवादांत नव्हतं. ओसाफो गडबडला. "आई... आई वारली."

"लाजेनेच गेली असेल बिचारी!"

आणि जेवणातल्या फुफूसाठी कंद कुटायचं मुसळ त्याच्या मनगटावर बसलं! पिस्तूल टोमॅटोत पडलं, पाठोपाठ ओसाफोही. बायकांनी डोक्याचे रुमाल सोडून त्याची मोट बांधली.

"थांबा! सिनेमा आहे हा!" बोआदी पोत्यांवरून उडी मारून आला.

"कॅमेरा कुठाय?"

बोआदीने ऐटीत फळीकडे बोट दाखवलं. फळी रिकामी! मुसळ उचललेलं बघताच मसालेवालीने सगळा माल, ती टोपलीसुद्धा, पेटीत कोंबला होता आणि कुलूप लावून ती किल्लीसकट पसार झाली होती.

"नाना! तुम्ही तरी सांगा ना!"

नानांनी ओठ थरथरवले, नजर दूर लावली. "हा कोण? मी नाही ओळखत. माझा शोध चोरायला आलेत हे!"

क्षणात बोआदी ओसाफोच्या पाठीला पाठ लावून बांधला गेला. पोलीस आले. तेही खरेच! चौकीत नाना पुष्कळ वेळ शास्त्रज्ञच राहिले. शेवटी हवालदाराने जेवणाचा डबा उघडला, मटणाच्या रश्श्याचा वास सुटला, तेव्हा कुठे ते माणसात आले.

संध्याकाळी मसालेवाली परतली, पेटी उघडली, कॅमेरा निघाला. हवालदाराने ते दृश्य दोनदा पाहिलं, साहेबांनाही बोलावून दाखवलं. सुटका झाली.

बोआदी सेरवाची माफी मागायला गेला. ती म्हणाली, "माफी राहू दे. त्या पोराने गोळी झाडली असती का, ते सांग."

"ते अजून... ठरलं नाहीये."

"मग आधी ठरव आणि मग बाजारात ये!"

बोआदीने ते अख्खं दृश्य जसंच्या तसं सिनेमात ठेवलं. पहिल्या खेळाला सेरवाला मानाने पहिल्या रांगेत बसवलं आणि स्वतः तिच्या मागे बसला. खेळ संपला, टाळ्या पडल्या. शेजारच्या गृहस्थांनी त्याचा हात हातात घेतला.

"वा, बोआदी! पिस्तूल खरं वाटलं, म्हातारा खरा वाटला, हेराची घालमेल तर काळजाला भिडली! फक्त ती टोमॅटोवाली बदला हो. फारच खोटी. बाजारात बायका अशा बोलतात होय?"

पुढची खुर्ची करकरली आणि सेरवा सावकाश मागे वळली.