अप्पा अधिक छत्री

आमचे अप्पा मांजरेकर कुठल्याही नव्या इमारतीत गेले की आधी लिफ्टमध्ये आडवे होतात. चक्कर येऊन नव्हे, स्वखुशीने. चपला बाहेर काढतात, चष्मा माझ्या हातात देतात, टाचा मागच्या भिंतीला टेकवून उताणे पडतात आणि एक फोल्डिंगची बंद छत्री डोक्याच्या पुढे सरळ रेषेत धरतात. छत्रीचं टोक दाराबाहेर आलं की तसेच पडल्या पडल्या निकाल देतात, "नापास!"

तोवर लिफ्टसमोर माणसं खोळंबलेली असतात. बुकिंग ऑफिसातला मुलगा पाण्याची बाटली घेऊन धावत येतो. "अंकल, बीपी है क्या?" अप्पा उठतात, पँट झटकतात आणि त्याला म्हणतात, "बीपी मेरा ठीक है. तुम्हारे लिफ्ट का लो है."

ही छत्री अप्पा कधीच उघडत नाहीत. ऐन श्रावणात मी त्यांना ती काखेत मारून भिजत घरी येताना पाहिलंय. विचारलं तर म्हणाले, "ती मोजायची आहे, सेक्रेटरीबाई. उघडमीट केली की मापात फरक पडतो." अप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. मापाच्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत मी पडत नाही.

सेक्रेटरीबाई म्हणजे मी. उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या आमच्या तीन मजली इमारतीचं सेक्रेटरीपद कोणी घेईना, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. इमारतीला लिफ्ट नाही. जिना असा अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाने वळणावर अंग चोरून उभं राहायचं. छताचं प्लास्टर पडणं आमच्याकडे इतकं नित्याचं झालं होतं की बायका आमटीचं पातेलं झाकल्याशिवाय पाठ फिरवत नसत. शेवटी एक दिवस सरकारी माणसं आली आणि भिंतीवर लाल रंगात 'धोकादायक' असं लिहून गेली. अक्षर मात्र सुंदर होतं.

आता जायचं कुठे? कॅम्पात घर मिळत नाही, मिळालं तर परवडत नाही. तेवढ्यात एक बिल्डर पुढे आला. आमची जागा तो घेणार आणि बदल्यात बदलापूरकडच्या त्याच्या तीन वसाहतींपैकी आम्ही निवडू तिथे सगळ्यांना घरं देणार. अट एकच, सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या हव्यात. एक जरी कमी पडली तर बोलणी बंद.

पंधरवड्यात सगळ्यांच्या सह्या झाल्या. राहिले एकटे अप्पा.

मला स्वतःला नवी शहरं मनापासून आवडतात. जुनं गाव दाटलं की त्यात कोंबाकोंबी करण्यापेक्षा शेजारी आखून-रेखून नवं वसवावं, रस्ते रुंद असावेत, गटारं झाकलेली असावीत, घरांचा तुटवडा त्यानेच संपेल, असं भाषण मी मीटिंगमध्ये केलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या. टाळ्या थांबल्यावर अप्पांनी हात वर केला. "बांधा की शहरं! मी कुठे नको म्हणतो? पण घरात जसं शिरता आलं पाहिजे तसं बाहेर पण पडता आलं पाहिजे. मी लिफ्ट बघितल्याशिवाय सही करणार नाही."

म्हणून मी त्यांना घेऊन जागा बघत हिंडत होते. अप्पांचं वय बघता, लिफ्टमध्ये आडवं होण्याचा अर्थ आमच्या इमारतीने केव्हाच लावून टाकला होता. "स्वतःला खाली कसं उतरवणार त्याची सोय बघतायत म्हातारबुवा," असं सगळे म्हणत. मलाही तेच वाटे. पण अप्पा जेमतेम सव्वापाच फुटांचे. मग ती छत्री कशाला, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

पहिली वसाहत बदलापूरच्याही पुढे, चारी बाजूंनी मोकळं रान असलेल्या जागी होती. तिथल्या मुलाने टेबलाएवढा नकाशा पसरला. "सर, ये पूरा न्यू सिटी है."

"अच्छा. दवाखाना किधर?"

"अपकमिंग, सर."

"बाजार?"

"वो भी अपकमिंग."

"पीने का पानी?"

"अभी टँकर है सर. लाइन अपकमिंग."

अप्पांना तो शब्द भलताच आवडला. तिथली लिफ्ट नापास झालीच, पण शब्द ते बरोबर घरी घेऊन आले. नंतर मी मेंटेनन्स मागितला की "अपकमिंग आहे." चष्म्याची काडी कधी बदलणार विचारलं तरी "अपकमिंग." सहीचं विचारलं की मात्र छत्री पुसत बसत.

दुसरी वसाहत सोनिवलीला. ही मला फार आवडली. बाग, व्यायामशाळा, पोहायचा तलाव, सगळं अपकमिंग नसून चक्क होतं. दुपारी बघून झाल्यावर मी निघायचं म्हटलं, तर अप्पा गेटवर बसकण मारून बसले. "दिवे लागू देत. मग कळेल इथे कोण राहतंय ते."

दिवे लागले. एवढा उंच टॉवर आणि दिवे लागले ते कुठे तरी एक, कुठे तरी दोन. अप्पांनी वॉचमनला विचारलं, "काय हो भाऊ, बाकीचे मालक कुठे?"

"मालक? मालक हितं ऱ्हात न्हाईत. गाडीतून येतान, कुलूप बघतान न् जातान," तो म्हणाला. मग टॉवरकडे बोट करून म्हणाला, "त्ये हाय ना, तितं आमचं भाताचं खाचर व्हतं. आता माजी डूटी पन तितंच हाय."

"आणि तुम्ही राहता कुठे?"

"त्या तकडं, डोंगराच्या बाजूला. एका खोलीत सात जण."

परत येताना अप्पा रिक्षातून मागे वळून टॉवरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सेक्रेटरीबाई, घरांना माणसं नाहीत आणि माणसांना घरं नाहीत. तुमच्या भाषणात हे कुठे बसवायचं?" मी चिडले. म्हटलं, "ते मला माहीत नाही. आपल्या माणसांना घर मिळतंय ते तरी घेऊ या. लिफ्ट कशी होती?"

"छत्री चार बोटं बाहेर. नापास."

त्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या शिंदेवहिनींच्या स्वयंपाकघरात छताचा परातीएवढा तुकडा कोसळला. वहिनी त्या क्षणी दाराशी भाजीवालीशी घासाघीस करत होत्या, म्हणून वाचल्या. सगळी इमारत माझ्या दारात जमली. एका हट्टी म्हाताऱ्यापायी आम्ही मरायचं का, असा एकच सूर. मी कागद आणि पेन घेतलं आणि पदर खोचून तिसऱ्या मजल्यावर गेले. आज सही घेतल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं पक्कं ठरवलं होतं.

अप्पा घरी नव्हते. पण समोरच्या दारातून हाक आली, "बेटी, इधर आ."

समोर लच्छूकाका राहतात. जुने सिंधी, पँटच्या चेनच्या धंद्यातले, सहा फुटी दणकट माणूस. काही वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली. बसवलं की एका बाजूला कलंडतात, त्यामुळे दिवसभर खिडकीशी आडवेच असतात. मुलगा-सून दुकानात. दुखणं झालं तेव्हा चौघांनी चादरीच्या झोळीतून त्यांना उतरवलं आणि तसंच परत चढवलं होतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते ओरडत होते, ते सगळ्या इमारतीने ऐकलं होतं. त्यानंतर त्यांनी कधी उंबरठा ओलांडला नाही.

"अप्पा की सही चाहिये ना?" ते म्हणाले. "उसको मेरा नाम लेके बोल, साईं, कर दे सही. मैं खिडकी में ठीक हूँ. मैंने उसी दिन बोल दिया था, अब मैं एक ही बार उतरूंगा."

मला काही उमगेना. "काका, अप्पांच्या सहीशी तुमचा काय संबंध?"

ते डाव्या बाजूने हसले. "उसकी गॅलरी में जाके देख."

अप्पांचं दार नुसतं लोटलेलं असतं. गॅलरीत आम्ही सगळे जिला 'मिरचीची गाडी' म्हणायचो ती होती. लांबलचक, बुटकी, चार चाकांची लोखंडी खाट. वर्षानुवर्षं तिच्यावर मिरच्या, सांडगे, पापड वाळत आलेले. मी मिरच्यांचं फडकं बाजूला केलं. खाली जाड गादी होती, कडेला पट्टे होते, डोक्याच्या बाजूला ढकलायची दांडी होती. आणि उशाशी छोटासा कठडा, चहाचा ग्लास ठेवायला.

"दुखणं झालं त्याच महिन्यात बनवली," मागून अप्पांचा आवाज आला. ते दारात भाजीची पिशवी घेऊन उभे होते, चोरी पकडली गेल्यासारखे. "पाइप आणले, वेल्डिंग इथेच केलं. सगळं झालं, रंग पण दिला. आणि घेऊन निघालो तर पहिल्याच वळणावर अडकली. फिटर म्हणून जन्म गेला माझा, आणि जिना मोजायचा विसरलो! घरात बनवली आणि घराबाहेर काढता येईना. हसा आता."

मला हसू आलं नाही. मी फडकं परत नीट पसरलं. "आणि छत्री?"

"मी अधिक छत्री म्हणजे ती खाट," अप्पा म्हणाले. "टेप लावला की ते सेल्सवाले सतरा प्रश्न विचारतात. म्हातारा आडवा झाला की कोणी काही बोलत नाही."

समोरच्या घरातून लच्छूकाका ओरडले, "उसको पूछ, नीचे टपरी पे चाय क्यों नहीं पीता! तीस साल हम दोनों उधर खडे रहके पिये. मैं गिरा, तो इसने भी छोड दिया!"

"टपरीवाला दूध कमी घालतो," अप्पा म्हणाले आणि पिशवीतल्या भाज्या उगाचच पुन्हा पुन्हा लावू लागले.

कागद मी तसाच घडी घालून खाली आणला. दारात जमलेल्या मंडळींना म्हटलं, "तिसरी जागा बघून येते. तोवर कोणीही अप्पांना एक शब्द बोलायचा नाही." माझा आवाज असा काही लागला असावा, की शिंदेवहिनीसुद्धा मुकाट घराकडे वळल्या.

तिसरी जागा खरवईला. तिथे तलाव नाही, बाग नाही, ब्रोशरवर हसणारं कुटुंबसुद्धा नाही. तळमजल्यावर बिल्डरने दवाखाना काढायचं योजलं होतं. दवाखाना आलाच नाही, पण त्याच्यासाठी घेतलेली मोठी लिफ्ट तेवढी आली होती. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा कमरेवर हात ठेवून लिफ्टकडे बघत होते. आदल्या दिवशी त्यांची कंबर धरली होती. वाकता येत नव्हतं, आडवं होणं तर लांबच.

"राहू दे. परत येऊ," ते म्हणाले. पण त्यांची नजर लिफ्टवरून हलत नव्हती.

मी पर्स त्यांच्या हातात दिली, चपला काढल्या, साडी सावरली आणि लिफ्टमध्ये उताणी झाले. बुकिंगचा मुलगा पाण्याची बाटली आणायला धावला.

"टाचा भिंतीला टेकवा," अप्पा बाहेरून सूचना देऊ लागले. "आता छत्री धरा. सरळ. अहो, तुम्ही माझ्यापेक्षा उंच आहात, छत्री दोन बोटं खाली घ्या. अजून जरा. हां! आता हलू नका."

लिफ्टचं दार सरकत आलं. मी श्वास रोखला. दार पूर्ण बंद झालं आणि मी आत, अंधूक उजेडात, छत्रीसकट मावले. दार उघडलं तर अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते आणि माझ्या पर्सच्या पट्ट्याने डोळे पुसत होते. निकाल द्यायचा ते विसरले. मीच म्हटलं, "पास."

सही त्यांनी तिथेच, त्या मुलाच्या पाठीवर कागद ठेवून केली. पण तिच्याखाली एक ओळ लिहिली: माझं आणि लच्छूचं दार समोरासमोर हवं. बिल्डरने ते मान्य केलं. आमच्यातले काही जण तलाव हुकला म्हणून अजून माझ्यावर रुसलेले आहेत. खरवईलाही पाण्याची बोंब आहेच, रिक्षा मिळत नाहीच, आणि नव्या शहरांनी घरांचा प्रश्न सुटतो का, यावर मी हल्ली भाषण करत नाही.

सामान हलवायच्या दिवशी लच्छूकाका शेवटचे झोळीतून उतरले, सगळ्यांना सिंधीत शिव्या देत. खाटेला अप्पांनी करवत लावली, तुकडे खाली नेले आणि नव्या घरी दुपारभर बसून परत जोडले. या वेळी आधी दार मोजलं.

त्याच संध्याकाळी लिफ्ट तळमजल्यावर आली. दार उघडलं आणि अप्पा खाट ढकलत बाहेर आले. चाकांचा एवढा आवाज झाला की सगळे आपापल्या गॅलऱ्यांत आले. लच्छूकाका पहिली काही मिनिटं नुसते वर बघत पडले होते. खिडकीच्या चौकटीत न मावणारं आभाळ त्यांनी कितीतरी वर्षांनी बघितलं होतं. मग त्यांनी मान वळवून अंगणात इकडे तिकडे पाहिलं.

"अरे अप्पा, इधर तो एक टपरी भी नहीं! ये कैसा शहर है? चाय किधर?"

"अपकमिंग," अप्पा म्हणाले आणि खांद्यावरच्या पिशवीतून थर्मास काढला. एक ग्लास कठड्यावर ठेवला, एक स्वतः घेतला आणि उभं राहून प्यायले.

मलंगगडाच्या बाजूने मावळतीचं ऊन थेट लच्छूकाकांच्या तोंडावर येत होतं. अप्पांनी काखेतली छत्री काढली आणि खटकन उघडली. तिची एक काडी वाकलेली होती.

"अप्पा," मी म्हटलं, "मोजायची छत्री ना ती?"

"मोजून झालं," ते म्हणाले, आणि ऊन उतरेपर्यंत ती लच्छूकाकांच्या डोक्यावर धरून उभे राहिले.