चहाच्या रंगाच्या भेगा

पेटीतला दगड नीट पाहायला भूवैज्ञानिक खाली वाकले आणि त्यांच्या हातातला कप कलंडला. पुलाच्या खांबाखालचा खडक तपासायला यंत्राने काढलेल्या दगडी कांड्या त्या पेटीत ओळीने मांडल्या होत्या. फडकं शोधून आणेपर्यंत भेगांनी चहा पिऊन टाकला होता.

एरवी एवढ्याने काही बिघडलं नसतं. पण कांडी जमिनीतच तुटलेली होती की यंत्राने तोडली, हे बरंचसं भेगेच्या रंगावरून ठरतं. जुन्या भेगेत पाणी मुरून तांबूस डाग धरतो. यंत्राने पाडलेली भेग कोरी असते. आता पेटीतल्या कोऱ्या भेगा एकजात तांबूस झाल्या होत्या.

हे कसं सांगावं, याचं वाक्य भूवैज्ञानिक मनात जुळवत होते, तेवढ्यात मोठे साहेब आले. त्यांनी भिंगातून डाग पाहिले आणि खडक मुळातच फुटका आहे, पलीकडे नव्याने भोक पाडावं लागेल, असं सांगून टाकलं.

यंत्रावरच्या मिस्त्रींचा चेहरा उतरला. लेकीचं पहिलं बाळंतपण तोंडावर आलं होतं. काम संपलं की आजच निघायचं, असं त्यांनी घरी कळवलं होतं. प्रत्येक भेग देवानेच पाडलीय म्हणून आजवर भांडत आलेले मिस्त्री पुढे झाले.

"साहेब, या भेगा माझ्या आहेत. सगळ्या."

"आज बरं कबूल करताय?"

"हात जड आहे माझा. बायकोही तेच म्हणते."

रजेसाठी माणूस काय वाटेल ते बोलतो, असं साहेब म्हणाले. मिस्त्री खरं सांगताहेत, असं भूवैज्ञानिक पुटपुटले. साहेबांनी पुरावा मागितला. चहा सांडल्याचं भूवैज्ञानिकांना सरळ सांगवेना. तोंडातून बाहेर पडलं ते भलतंच.

"चाटून बघा, साहेब."

दगड ओला करून पाहायला जीभ लावायची सवय या धंद्यात सगळ्यांनाच असते. साहेबांनी कांडी उचलली, भेगेला जीभ लावली, डोळे मिटले. पुन्हा लावली.

"साखर फार घालता तुम्ही," ते गंभीरपणे म्हणाले.

मग त्यांनी दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले. मध्ये केस मावेल एवढीही फट राहिली नाही. खडक अखंड आहे, यंत्र आवरा, असं त्यांनी मिस्त्रींना सांगितलं.

मिस्त्री दारापर्यंत गेले, थांबले आणि मागे वळले.

"आता रजा मिळालीच आहे, तर खरं सांगतो, साहेब. यातली एकही भेग माझी नाही."