जावईबापूंची तोफ

"यंदा सात नंबरची जागा माझी, आत्ताच सांगून ठेवतो," असं ओडवारने ऑगस्टातल्या एका रविवारी बटाटे सोलता सोलता जाहीर केलं. ऐकायला स्वयंपाकघरात बायको मारित आणि घरची कुत्री, अशा दोघीच होत्या. कुत्री उठून बाहेर गेली.

सात नंबर म्हणजे दलदलीच्या वरच्या अंगाला असलेली शिकाऱ्याची बैठक. त्या खोऱ्यातले निम्मे मूस आजवर तिथूनच टिपले गेले. मूस म्हणजे घोड्यापेक्षाही उंच हरीण! नॉर्वेच्या त्या भागात माणसं लग्नं, बारशी आणि गुडघ्याची ऑपरेशनंसुद्धा मूसच्या शिकारीचा हंगाम टाळून ठरवतात. सात नंबरवर गेली एक्कावन्न वर्षं ओडवारचे सासरे हालवार बसत. शिकाऱ्यांच्या टोळीचे म्होरकेही तेच. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता आणि जागा कुणाला द्यायची ते तेच ठरवणार होते. ओडवार एकवीस वर्षं दोन नंबरवर होता. दोन नंबर रस्त्याच्या कडेला आहे. तिथे त्याला पावाची गाडी रोज दिसे, मूस एकदाही दिसला नव्हता. शिवाय सासऱ्यांनी एकवीस वर्षांत त्याला "बरा आहेस" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं, हे शल्य वेगळंच.

आता एवढ्या मानाच्या जागेवर बसायचं तर हातात तशीच बंदूक नको का? ओडवारने आपली जुनी, गुणी रायफल विकून टाकली आणि आफ्रिकेत रानरेडे लोळवायला वापरतात तसली एक तोफ घरी आणली. वर दुर्बीणही अशी घेतली, की तिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसावेत. दुकानदार भला माणूस होता. झाडीतल्या शिकारीला लहान ताकदीची दुर्बीण बरी, आणि अशा दणकट बंदुकीवर डोळा काचेपासून चांगला चार बोटं लांब ठेवा, असं त्याने दोनदा सांगितलं. ओडवार गालातल्या गालात हसला. तो गाडी शिकवण्याचे क्लास चालवायचा. अर्ध्या खोऱ्याला त्याने गिअर टाकायला शिकवलं होतं, त्याला कोण काय शिकवणार?

पहिल्या सरावाला तो एकटाच गेला. शंभर मीटरवर मूसचं चित्र लावलेलं होतं. दुर्बिणीतून पाहिलं तर नुसते केस! मूसचा एकेक केस मोजता येत होता, पण तो केस पोटावरचा की शेपटीवरचा, ते कळायला मार्ग नव्हता. मग नीट दिसावं म्हणून ओडवारने दुर्बीण मागे सरकवली, डोळा आणखी जवळ नेला आणि चाप ओढला.

घरी आला तेव्हा उजव्या भुवईवर अर्धचंद्र उमटला होता आणि मिशीपर्यंत रक्त ओघळलं होतं. कपाटाचं दार लागलं, असं त्याने सांगितलं. मारित गावच्या दवाखान्यात नर्स होती. तिने त्याला खुर्चीत बसवलं, जखम धुतली, तीन टाके घातले.

"दर सप्टेंबरात हे कपाट तीन-चार जणांना तरी लागतं," ती दोरा कापत म्हणाली. "तू जरा आधीच लावून घेतलंस."

कपाळावरचं समजलं, पण मनात काय झालं होतं ते ओडवारला स्वतःलाही उमगलं नव्हतं. पुढच्या सरावाला तो जय्यत तयारीने गेला. दुर्बीण पुढे सरकवली होती. अंगात दोन लोकरी स्वेटर, खांद्यापाशी सोफ्याची उशी आणि उशीच्या आत ओव्हनमधून गरम भांडी काढायचा मारितचा जाड हातमोजा. एवढ्या बंदोबस्तात त्याचा हात चापापर्यंत जेमतेम पोचत होता. दहा गोळ्या झाडल्या. एक चित्राच्या खुरापाशी लागली. बाकीच्या नऊ त्या खोऱ्यातच कुठेतरी असतील. ओडवारने दोष बंदुकीला दिला, मग दुर्बिणीला, मग वाऱ्याला. वारा त्या दिवशी नव्हताच.

चाचणीला चार दिवस उरले. दरवर्षी ही चाचणी सगळ्यांनाच द्यावी लागते: पाच गोळ्या, आणि पाचही मूसच्या छातीवरच्या मोठ्या ताटाएवढ्या गोलात. नापास झालेल्याला शिकारीला जाता येत नाही, आणि पास झालेल्यानेही ज्या बंदुकीने चाचणी दिली तीच घेऊन जंगलात जायचं. म्हणजे नापास झाला की सात नंबर तर जाणारच, वर पावाच्या गाडीलाही तो मुकणार!

अशा वेळी हालवार काठी टेकत मैदानावर आले. अख्खी टोळी कॉफी पीत उभी होती. म्हाताऱ्याने जावयाच्या हातातून बंदूक घेतली, पाठ वळवून काडतूस भरलं आणि परत दिली. ओडवारने नेम धरला, दात-ओठ खाल्ले, डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला.

खट्ट! एवढाच आवाज झाला. बंदूक जागची हलली नाही. ओडवार मात्र उशीसकट वीतभर मागे उडाला आणि कॉफीच्या टेबलावर जाऊन आदळला.

"काडतूस रिकामं होतं, जावईबापू," हालवार शांतपणे म्हणाले. "मग धक्का कुणी मारला?"

टोळी इतकी हसली, की हसण्याचा आवाज चर्चपर्यंत गेला म्हणतात. ओडवार उशी काखेत मारून घरी आला आणि गॅरेजमध्ये जाऊन बसला. त्याला फार लाज वाटत होती. थोड्या वेळाने मारित आपली वीस वर्षांची हलकी रायफल घेऊन आली. त्या रायफलीवर साधी, छोटी दुर्बीण होती. मारित शिकारीच्या दुसऱ्या आठवड्यात जायची, त्यामुळे पहिला आठवडा बंदूक मोकळीच असे.

"तू पोरांना क्लच कसा सोडायला सांगतोस?" तिने विचारलं.

"हळू. कधी सुटला ते आपल्यालाही कळता कामा नये."

"मग चाप वेगळा असतो का रे? दस्ता खांद्यात घट्ट रुतव, गाल टेकव, अर्धा श्वास सोड. आणि धक्का देईल तर देऊ दे. त्याच्याशी भांडू नकोस."

तीन संध्याकाळी ती त्याच्या शेजारी पालथी पडून राहिली. कधी भरलेलं काडतूस द्यायची, कधी रिकामं, कोणतं ते सांगायची नाही. तिसऱ्या संध्याकाळी खट्ट झालं तरी ओडवारची पापणी लवली नाही. त्याला तिथेच, बंदूक हातात असताना, बायकोचा मुका घ्यावासा वाटला. पण नियमात बसेना. शनिवारी चाचणीत पाचही गोळ्या गोलात गेल्या. हालवारनी कागद दोनदा उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "सात नंबरवर बस. पहिल्या दिवशी मी जागा दाखवायला येतो."

एक्कावन्न वर्षांची जागा म्हाताऱ्याला सोडवत नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. ओडवारला ते कळलं. पहिल्या दिवशी इतरांच्या दोन तास आधी निघून, दर खुंटावर बसवत, शेवटचा चढ जवळपास पाठुंगळी घेऊन त्याने सासऱ्यांना वर नेलं. दोघे बाकावर खांद्याला खांदा लावून बसले. कॉफी झाली, तपकिरी चीज लावलेला पाव झाला. ऊन वर आलं तशी म्हाताऱ्याची मान कलली आणि टोपीसकट जावयाच्या उजव्या खांद्यावर येऊन विसावली.

आणि दलदलीच्या पलीकडची झाडी हलली.

नर होता! शिंगं फावड्यांसारखी पसरलेली. तीस मीटरवर येऊन तो आडवा उभा राहिला आणि निवांत पाला खाऊ लागला. ओडवारच्या मांडीवर बंदूक होती, छाती शांत होती. फक्त खांदा मोकळा नव्हता. बैठकीवर झोपणाऱ्याला टोळीतून काढायचं, हा हालवारांचाच कायदा. त्यात त्यांनी सख्ख्या भावालाही सोडलं नव्हतं. आता बंदूक उचलावी तर म्हातारा दचकून उठणार, आपल्याला झोप लागली होती हे त्याला कळणार, आणि या जागेवरचा शेवटचा दिवस त्याला तेवढ्यासाठीच लक्षात राहणार. ओडवारने त्या कलत्या टोपीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा सासरे त्याच्यावर विसंबले होते. तो दगडासारखा बसून राहिला. मूसने सावकाश जेवण आटोपलं, एकदा दोघांकडे पाहिलं आणि झाडीत निघून गेला.

जरा वेळाने टोळीशी बोलायचा रेडिओ खरखरला. सात नंबरला काही दिसलं का, अशी विचारणा झाली. नाही, असं ओडवार हळूच कुजबुजला.

टोपीखालून हात आला आणि त्याने रेडिओ काढून घेतला.

"सात नंबर. नर. शिंगांना सोळा टोकं. तीस मीटरवर पाच मिनिटं उभा होता," हालवार रेडिओत म्हणाले. मग बटण सोडून जावयाकडे वळले. "फांदी मोडल्याबरोबर मी जागा झालो होतो. तुझा नेम हलू नये म्हणून श्वास रोखून तसाच पडून राहिलो, मान अवघडली माझी! का नाही झाडलीस?"

खरं कारण सांगायचं म्हणजे म्हाताऱ्याच्या झोपेचा विषय काढायचा. ओडवारने भुवईवरच्या टाक्यांच्या व्रणावरून बोट फिरवलं.

"धक्क्याची भीती वाटली, बाबा," तो म्हणाला.

हालवारनी त्या व्रणाकडे पाहिलं आणि टोपी सरळ केली. मग त्यांनी रेडिओ पुन्हा तोंडाजवळ धरला.

"जावईबापू घाबरले," त्यांनी अख्ख्या खोऱ्याला कळवलं. "उद्याही मला इथे यावं लागेल."