दुसऱ्या पोळीआधी एक शब्द

चैत्रातल्या एका मंगळवारी दुपारी पावणेतीन वाजता रामदासपेठेतल्या दवाखान्यात माझे यजमान गेले. मी त्यांच्याजवळ बसले होते.

बसले होते हे मुद्दाम सांगते, कारण ते वच्छलाबाई राऊतांमुळे घडलं. आणि वच्छलाबाई समजायच्या असतील तर आधी त्यांच्या मेसमधल्या दुसऱ्या पोळीबद्दल सांगायला हवं.

वच्छलाबाई आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी मेस चालवतात. पहिली पोळी कुणालाही मिळते. दुसरी हवी असेल तर इंग्रजीतला एक शब्द द्यावा लागतो. अवघड हवा आणि अर्थासकट हवा. 'हॅपी', 'ब्युटिफुल' असला माल तिथे चालत नाही. "असे शब्द तं आमच्या खापा गावच्या बकऱ्यायले बी येतात," त्या म्हणतात. एकदा एका मुलानं भुकेच्या भरात घरीच तयार केलेला शब्द दिला. वच्छलाबाई तशाच पिठाच्या हातानं जिना चढून माझ्याकडे आल्या. मी कॉलेजची निवृत्त ग्रंथपाल, त्यामुळे घरात जाडजूड शब्दकोश आहे. तो शब्द त्यात नव्हता. "मॅडम, पुन्हा एकडाव पाहा," असं तीनदा म्हणून त्या खाली गेल्या. त्या मुलाला दुसऱ्या दिवशी एकाच पोळीवर उठावं लागलं. शिवाय वरण पातळ मिळालं, असं तो नंतर मला म्हणाला.

पण शब्द मिळाला म्हणजे आला, असं त्या मानत नाहीत. तो तीन माणसांवर वापरल्याशिवाय पक्का होत नाही, हा त्यांचा नियम. "मडकं घेतानी आपण तीन जागी वाजवून पाह्यतो का नाई? मंग शब्द एकाच जागी काहून वाजवाचा?" समोरच्याला अर्थ कळलाच पाहिजे असं नाही, पण शब्द त्याला बसला पाहिजे. "ब्लाउजावानी. सैल नाई, तंग नाई." बसला की त्या माणसाचं नाव वहीत शब्दासमोर लिहिलं जातं. तीन नावं झाली की शब्दावर बरोबरची खूण.

या वाजवण्यातून आमच्या गल्लीत कुणी सुटलेलं नाही. नळ दुरुस्त करणाऱ्या सुरेशला त्या म्हणाल्या, "तू चार दिवसापासून प्रोक्रॅस्टिनेट करून राहिला." तो घाबरून म्हणाला, "मावशी, देवाशपथ, म्या पाइपले हातसुद्धा नाई लावला!" त्या म्हणाल्या, "तेच तं म्हणून राहिली मी," आणि वहीत त्याचं नाव लिहिलं. भाजीवाल्यानं मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, फुकट दिला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "तू मॅग्नॅनिमस आहेस गा." तो दोन दिवस आमच्या गल्लीत फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारू लागला, "बाई, हे काही दवापाण्याचं दुखणं तं नाई ना?"

वांग्याच्या बाबतीत मात्र वाद झाला. एक वांगं काही केल्या शिजेना, म्हणून त्याला त्यांनी 'ऑब्स्टिनेट' म्हटलं आणि वहीत नाव लिहावं की नाही हे विचारायला वर आल्या. माझे यजमान म्हणाले, "वांगं हा माणूस नाही." वच्छलाबाईंनी क्षणभर विचार केला. "तुम्ही त्याची बाजू काहून घेऊन राहिले? तुमचंच नाव लिहिते मंग." आणि लिहिलं.

यजमानांचं नाव त्या वहीत सगळ्यांत जास्त वेळा आहे. बाल्कनीतल्या खुर्चीत डुलक्या घ्यायचे म्हणून 'लेथार्जिक'. चहा पुन्हा पुन्हा मागायचे म्हणून 'इनसेशेबल'. प्रत्येक वेळी ते हात जोडून "आभारी आहे" म्हणत. त्यांना या प्रकारात फार मजा वाटे. संध्याकाळी वच्छलाबाईंच्या चपलांचा आवाज जिन्यात आला की ते पेपर बाजूला ठेवून म्हणायचे, "आला आजचा शब्द."

त्यांचा सर्वांत लाडका किस्सा सोसायटीच्या सभेचा. सेक्रेटरी पाण्याच्या टाकीवर पाऊण तास बोलले. ते खाली बसताच वच्छलाबाई उभ्या राहिल्या आणि अदबीनं म्हणाल्या, "साहेब, तुमचं भाषण लय व्हर्बोज होतं." साहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी आभार मानले. एवढंच नाही, तर इतिवृत्तात लिहून टाकलं: 'श्रीमती राऊत यांनी सेक्रेटरींचे भाषण व्हर्बोज झाल्याचे आवर्जून नमूद केले.' ते पान अजून नोटीस बोर्डावर आहे. 'पाल्हाळिक' हा अर्थ आम्हा दोघांना माहीत होता. आम्ही घरी येईपर्यंत हसू दाबून धरलं आणि दार लावल्यावर ते सोफ्यावर आडवे होऊन हसले.

तर, तो मंगळवार.

यजमान अकरा दिवस दवाखान्यात होते. वच्छलाबाई रोज दुपारी डबा घेऊन येत. त्या दिवशी त्या आल्या तेव्हा खोलीबाहेर डॉक्टर माझ्याशी बोलत होते. मी इंग्रजीत विचारत होते, ते इंग्रजीत सांगत होते. सगळं बोलणं सभ्यपणे झालं. मी "आय अंडरस्टँड" म्हणाले. मग पर्स उचलली आणि वच्छलाबाईंना म्हटलं, "तुम्ही जरा बसा यांच्यापाशी. सकाळपासून चष्मा मागताहेत. मी घरी जाऊन घेऊन येते."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"डॉक्टर काय म्हणले?"

"काही नाही. बघू म्हणाले."

"इमिनंट म्हणले. मी आयकलं."

त्या शब्दाचा अर्थ मला चाळीस वर्षांपासून येत होता.

"चावी दे मले," त्या म्हणाल्या. "चष्मा मी आणते. तू अंदर जाय. जाय ना वं, उभी काहून आहेस?"

तोवर त्या मला कधी 'मॅडम'शिवाय बोलल्या नव्हत्या.

मी आत गेले. यजमान जागे होते. चष्मा येतोय म्हणून सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "वच्छलाबाई येऊन गेल्या ना? आजचा शब्द काय?"

मी म्हटलं, "व्हर्बोज."

"तो तर जुना आहे," ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. मग माझा हात हातात घेऊन डोळे मिटले. आम्ही असे पाऊण तास होतो. वच्छलाबाई चष्मा घेऊन आल्या तेव्हा तो लावायला उशीर झाला होता, पण मला उशीर झाला नव्हता.

तेरावं झाल्यावर त्या वही घेऊन वर आल्या. स्पेलिंग तपासून द्या म्हणाल्या. मी ती वही मधूनच उघडून पाहत आले होते. त्या दिवशी पहिल्या पानापासून सुरुवात केली. पहिल्या ओळीत, कच्च्या अक्षरात, तोच शब्द होता, 'इमिनंट'. अर्थ लिहिला होता: 'अगदी जवळ येऊन ठेपलेलं.' पुढे पहिलं नाव होतं गणपत राऊत.

"आमचे मालक," त्या म्हणाल्या. "डॉक्टर त्याहीच्या खाटेपाशी दुसऱ्या डॉक्टरले म्हणले. मले वाटलं, चांगलंच असंन काही. हळू आवाजात बोलले ना. म्हणून मी घरी गेली, त्याहीले झुणका आवडे, तो कराले. डब्बा घेऊन आली तं खाट रिकामी." त्यांनी पदरानं वहीची कड पुसली. "कानात तेवढा शब्द राह्यला होता. मेसच्या एका पोरीले त्याचा अर्थ इचारला. तवापासून म्हटलं, डोक्यावरून एकबी जाऊ द्याचा नाई."

त्या नावाच्या पुढे, नव्या शाईत, माझं नाव होतं.

"आणि तिसरं?" मी विचारलं.

"हा कच्चाच राहू दे," त्या म्हणाल्या. "याले पक्का करून काय करतं वं?"

आता चष्मा माझ्या टेबलावर असतो. संध्याकाळी सात वाजता मी खाली मेसमध्ये जेवायला जाते. दुसऱ्या पोळीआधी मलाही एक शब्द द्यावा लागतो.